ओटा कुणाच्या मापाचा?

ती : उभे कडप्पे ३४ इंचांच्या हिशेबाने कापून आलेत. मी ३१ सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून दिली होती. तुमच्या मिस्त्रींनी रेघ बघितली, मान डोलावली आणि म्हणाले, ‘ठीक आहे, साहेबांना विचारून घेतो.’ दगडाचं नंतर बोलू, आधी या वाक्याचं बोलू. ज्या जागी रोज मी उभी राहणार, तिथलं माप मी सांगितल्यावर ते पक्कं व्हायला आणखी कुणाचा होकार का लागतो? तुम्ही यांना साहेब म्हणता आणि मला वहिनी. वहिनी हा शब्द चांगला आहे, त्यात मान आहे, आपलेपणाही आहे. पण त्या शब्दात मी कुणाची तरी कोणीतरी असते. हॉलच्या रंगापुरतं तसं असलं तर असो. स्वयंपाकघरातही मी नात्यानेच उभी राहायची का?

ठेकेदार : वहिनी, तुमचं खरं आहे, आणि मिस्त्रीचंही चुकलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगतो. आमच्या धंद्यात सगळ्यात महाग काय, तर सागवान नाही, ग्रॅनाइट नाही. बदललेला शब्द सगळ्यात महाग. कापलेला दगड दुकानदार परत घेत नाही. बसवलेली टाइल काढायला गेलं तर फुटूनच निघते. एका घरी बाईंनी टाइल बदलायला सांगितली, मी बदलली. बिलाच्या वेळी त्यांचे यजमान म्हणाले, ‘मला कुणी विचारलं होतं?’ ते पैसे माझ्या खिशातून गेले. असं दोनदा झालं की माणूस नियम करतो : चेकवर ज्याची सही, शेवटचा शब्द त्याचा. बायकांचा शब्द खाली पडावा म्हणून केलेला नियम नाही हा, पण पडतो खरा, तेवढं मी कबूल करतो. आता ३४ का, तेही ऐका. साहेबांना ओट्याखाली डिशवॉशर हवंय. त्याचं वरचं झाकण काढलं तरी ते ८२ सेंटीमीटर उंच राहतं, म्हणजे सव्वाबत्तीस इंच. त्यावर आधाराचा कडप्पा आणि १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट. ३४ च्या आत ते बसत नाही. तुमची रेघ बघितल्यावर मिस्त्रीला हा हिशेब आठवला, म्हणून त्याने विचारलं. फक्त विचारलं चुकीच्या माणसाला.

तो : डिशवॉशर मी हौस म्हणून मागितलेलं नाही. आपण दोघंही साठीकडे चाललो आहोत. भांड्यांना मावशी कायम येतच राहतील असं धरून पुढची वीस वर्षं आखायची नाहीत, एवढंच माझं म्हणणं. उंचीचं तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं, ती चूक माझी. पण तुझ्या मूळ मुद्द्याशी माझं जमत नाही. जो उभा राहतो त्यालाच कळतं, असं तू म्हणतेस. आजचं आटोपशीर, ओटा आणि कपाटं एका मापात बांधलेलं स्वयंपाकघर ज्यांनी पहिल्यांदा नीट विचार करून आखलं, त्या मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाई. साल १९२६. फ्रँकफुर्टमध्ये कामगारवर्गासाठी वसाहती उठत होत्या, त्यांतल्या घरांसाठी त्यांनी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी खोली बसवली. डाळ-पिठाचे डबे कुठे, फळी कुठे, बसायचं स्टूल कुठे, सगळं ठरलेलं. तशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथे झाली. आणि या बाईंनीच पुढे सांगितलं आहे की तो आराखडा करेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. म्हणजे लांबून पण बारकाईने बघणाऱ्या माणसालाही ही जागा कळू शकते. उलट रोजच्या सवयीत बुडालेल्याला आपलीच अडचण दिसेनाशी होते. आपला जुना ओटा तू पंचवीस वर्षं वापरलास. तो उंच आहे असं एकदाही बोलली नाहीस.

ती : बोलले नाही, कारण मला वाटत होतं की खांदा वयामुळे दुखतोय. ओट्यामुळे दुखत असेल हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा सवयीने अडचण दिसेनाशी होते हे तुमचं म्हणणं मी घेते. पण मग आता तरी मोजा. माझी उंची पाच फूट. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची तेवढीच, १५२ सेंटीमीटरच्या आसपास. हात सैल सोडून कोपरात दुमडला की माझं कोपर जमिनीपासून साडेसदतीस इंचांवर येतं. ओटा ३४ वर. त्यावर शेगडी ठेवली की कढई टेकते ती जाळी ३९ वर. कढईचा काठ ४३ किंवा ४४. म्हणजे मी शिरा परतते, पिठलं घोटते, तेव्हा हात कोपराच्या सहा इंच वर धरून गोल फिरवायचा. आत बुडाला लागलंय का ते बघायला टाचा उचलायच्या. पोळ्यांचं तर विचारूच नका. पोळपाट स्वतःच दोन इंच उंच असतो. लाटताना अंगाचं वजन वरून उतरावं लागतं. ओटा उंच असला की वजन उतरत नाही, सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. माझी आई खाली बसून लाटायची. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर. तिचे गुडघे गेले, माझा खांदा गेला. मध्ये गॅस आला, फ्लॅट आला, ओटा आला, पण माप कुणी घेतलं नाही.

आणि तुमच्या त्या श्युटे-लिहोत्स्की बाई मला आवडल्या. त्यांनी स्वयंपाक केला नसेल, पण आपल्याला हे काम येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी काम करणाऱ्या बाईच्या हालचाली आणि वेळ मोजला. तुम्ही दोघांनी काय मोजलंत? डिशवॉशर मोजलंत. यंत्राला ८२ सेंटीमीटर लागतात हे या खोलीत दोघांना पाठ आहे. मला किती लागतात हे एकालाही ठाऊक नव्हतं.

ठेकेदार : हे लागलं मला. माझे वडील गवंडी होते. ते ओटा जागेवर बांधायचे, वीट-मातीने. घरातल्या बाईला भिंतीशी उभं करायचे, कोपराखाली चार बोटं सोडून खडूने खूण करायचे आणि तिथपर्यंत बांधायचे. त्यांना स्टँडर्ड हा शब्द माहीत नव्हता. स्टँडर्ड आलं ते फॅक्टरीतून. ट्रॉल्या आल्या, शटर आली, तयार पेट्या आल्या, त्या सगळ्यांची उंची एकच. त्या उंचीबाहेर गेलं की प्रत्येक फळी नव्याने कापायची, प्रत्येक बिजागरी नव्याने बसवायची. तुम्हाला ३१ करून देणं अवघड नाही. पण सुताराचे दिवस वाढतील, प्लाय जास्त वाया जाईल, आणि ते पैसे कुणीतरी देणार. मी माप घेतलं नाही याचं कारण आळस नाही. ज्या भावात तुम्ही काम मागितलंत, त्या भावात माप बसत नाही. ग्राहक तीन ठिकाणी भाव विचारतो आणि सगळ्यात स्वस्त तो घेतो. स्वस्तात देणारा सगळ्यांना एकच माप लावतो. हेही तुमच्या हिशेबात धरा.

ती : धरते. आता माझा हिशेब घ्या. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. म्हणजे बायकांचे जवळजवळ पाच तास. त्यातले तीनच ओट्यापाशी धरा. वर्षाचे ३६५ दिवस, ओट्याचं आयुष्य वीस वर्षं. २१ हजार ९०० तास झाले. तुम्ही इथे ४० दिवस असाल. हे चेकवर सही करतील, तिला अर्धं मिनिट लागेल. सुताराचे चार दिवस वाढतील म्हणून तुम्ही मला थांबवता, तेव्हा त्या चार दिवसांसमोर काय ठेवायचं तेही सांगा.

तो : तास तू मोजलेस ते बरोबर आहेत. पण त्या तासांचा अर्थ तू एकाच बाजूने लावतेस. माझी उंची पाच फूट नऊ. तुझ्या रीतीने मोजलं तर माझं कोपर साडेत्रेचाळीस इंचांवर येतं. मला सोयीचा ओटा ३८-३९ इंचांचा. तुझा ३१ झाला की मी त्यावर कमरेत वाकूनच उभा राहणार, आणि दहा मिनिटांत बाहेर येणार. मग पुढची वीस वर्षं काय होईल? ते २१ हजार ९०० तास तुझेच राहतील. ओटा तुझ्या मापाचा झाला की स्वयंपाक तुझा ठरला, दगडात कोरून ठरला. फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघरावर नंतर हाच आक्षेप आला. १९७०च्या दशकात स्त्रीवादी बायकांनी विचारलं की इतकी नेटकी खोली केलीत, पण ती एकाच माणसाला पुरेल एवढी का केलीत? दुसरं माणूस आत शिरलं तर धक्का लागतो, म्हणजे दुसरं माणूस शिरणारच नाही हे आधीच धरलेलं होतं. बाईचं काम हलकं करायच्या नादात ते काम तिच्या नावावर कायमचं चढवलं गेलं. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. मला शिकायचंय. तुझ्या मापात माझी जागा कुठे आहे?

(लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये, तरी इथे एक गोष्ट सांगून टाकतो. असे वाद मी अनेक घरांत ऐकले आहेत, आणि बहुतेक वेळा नवरा पैशांवर बोलतो, बायको सोयीवर, ठेकेदार वेळेवर. या वादाने इथे तो ठरलेला रस्ता सोडला, म्हणून तो लिहावासा वाटला. नवऱ्याचा हा आक्षेप मला पळवाट वाटत नाही. त्याला पुरेसं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.)

ती : हे तुम्ही आधी का नाही बोललात? निवृत्त झाल्यावर शिकायचंय, हे मला ओट्याच्या भांडणातून कळावं? ठीक. उत्तर देते, अर्धंच आहे. जो अजून उभा राहिलेला नाही त्याच्या उंचीसाठी, जी उभी आहे तिने खांदा उचलून धरायचा, हे मला मान्य नाही. आधी तीन महिने आत्ताच्या ओट्यावर भाजी करा, कुकर लावा, आणि मग माप सांगा, मी ऐकेन. पण दुसरी बाजूही मला दिसते. ३१ झाला आणि तुमची पाठ दुखायला लागली की तुम्ही बाहेर याल, आणि तुमच्याकडे बाहेर यायला खरंखुरं कारण असेल. माझ्या बाजूने निघालेली गोष्ट माझ्याच गळ्यात पडेल. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ठेकेदार : उत्तर नाही, पण एक वाट आहे. ती सांगतो आणि तिच्यात खोट कुठे आहे तेही सांगतो. ओटा इंग्रजी ‘एल’सारखा आहे. शेगडीचा हात खाली घेऊ, ३१. सिंकचा हात वर ठेवू, ३४. डिशवॉशर त्याखाली जाईल, साहेबांना भाजी चिरायला, पीठ मळायला ती बाजू जरा बरी पडेल. खोट अशी की जिथे पातळी बदलते तिथे सांधा येतो. सांधा आला की पाणी आलं. मी सांधा भरून देईन, दोन वर्षं टिकेल, मग भेग पडेल आणि तिथून पाणी खालच्या ट्रॉलीत उतरेल. म्हणून सिंक कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब घ्यावी लागेल. मग तुमची भांडी निथळायची जागा आखडते. आणि ट्रॉल्यांचा प्लाय नेहमीचा नको, सागरी प्रतीचा घ्या, आयएस ७१० शिक्का असलेला. तो उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून पास करतात. महाग पडेल, पण सांध्याखाली दुसरा टिकणार नाही.

तो : हे मला पटतं. एवढं नीट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दगड कापून आलाच नसता.

ठेकेदार : पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलं, ‘चौरस फुटाला काय भाव?’ त्या प्रश्नाला एवढंच उत्तर असतं, साहेब.

तो : मान्य. मग भिंतीचं बोलू. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची असं मी म्हणतोय ते सजावट म्हणून नाही. पाहुणे आले की सगळे बाहेर हसत असतात आणि ही आत एकटी. मुलगी आली की ती दारात उभी राहून हिच्याशी बोलते, एक पाय आत, एक पाय बाहेर. माझी आई तर आयुष्यभर भिंतीमागेच राहिली. आमच्याकडे कोण आलं आणि काय बोलून गेलं हे तिला दुसऱ्या दिवशी कळायचं. ती भिंत वीटकामाची आहे, चार इंची आहे, तिच्यावर काही उभं नाही. ती पाडून उजेड आत येऊ दे.

ती : तुमच्या मनातलं मला कळतं, आणि ते चांगलं आहे. पण तुम्ही मला बाहेर आणत नाही आहात, बाहेरच्यांना आत आणताय. भिंत गेली की माझा ओटा हॉलमध्ये येईल. सिंकमध्ये भांडी पडलेली चालणार नाहीत. मिरचीचा ठेचा केला, सुकट भाजली, मेथीची फोडणी दिली, की सोफ्यावर बसलेला माणूस खोकणार. चिमणी लावा म्हणाल. पण ती पाइप काढून हवा बाहेर फेकणारी हवी, नुसती गाळून घरातच सोडणारी आमच्या फोडणीला पुरत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मी कधी बोलले नाही. या घरात दार लावून घेता येईल अशी माझी एकच खोली आहे. सासूबाई गेल्या त्या दिवशी सगळं घर माणसांनी भरलं होतं आणि मी चहाचं आधण ठेवून त्या भिंतीला टेकून रडले. तुम्हाला भिंत म्हणजे अडसर वाटते. मला ती कधीकधी पाठीला लागते.

ठेकेदार : तुमच्या दोघांत मी पडत नाही. पण भिंत पाडायची की नाही हा प्रश्न तुमच्या दोघांचाच आहे असं समजू नका. घाटकोपरची सिद्धिसाई इमारत आठवते? २५ जुलै २०१७. चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा आरोप झाला. तिथेही वर राहणाऱ्यांना वाटलं असेल, आपल्या घरात तर काही तोडलेलं नाही. तुमची इमारत जुन्या पद्धतीची आहे, खांब-तुळयांची, त्यामुळे मधली भिंत बहुतेक नुसती आडोशाची असेल. नव्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसकट सगळं काँक्रीट ओततात, ज्याला साइटवर मायवान म्हणतात. तिथे भिंतीला हात लावणं म्हणजे इमारतीलाच हात लावणं. पण ‘बहुतेक’ या शब्दावर मी घण उचलत नाही. संरचना अभियंत्याचं पत्र आणा, सोसायटीची लेखी परवानगी आणा. साहेब मला दोनदा म्हणाले, ‘अहो, चार इंची तर आहे, रविवारी उरकून टाका.’ मी नाही म्हणालो. त्या दिवशी तुम्हाला वाटलं असेल, ठेकेदार काम लांबवतोय.

तो : वाटलं होतं.

ठेकेदार : तसं सगळ्यांनाच वाटतं. काम लांबलं की ठेकेदार चोर. पण टाइलमागे काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. तुमचे जुने लोखंडी पाइप बाहेरून धड होते. कापले तर आत गंजाने करंगळीएवढं भोक उरलेलं. ते बदलले नसते तर सहा महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल आली असती, आणि आपल्या सिंकमधून खाली गळलं तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दुरुस्तीचा खर्च आपलाच.

ती : इथे मी तुमच्या बाजूने आहे. पाइप बदललेत ते चांगलं केलंत. पण मला फोन करून दाखवायला बोलावलं असतंत तर मी फोटो काढला असता, आणि बिलावरून यांची-तुमची जी बोलाचाली झाली ती झाली नसती. पाइपांवरून आठवलं. २०२१ मध्ये ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा मल्याळम चित्रपट आला. त्यात सिंकखालची नळी गळत असते. बायको नवऱ्याला रोज सांगते, प्लंबरला बोलवा. तो रोज विसरतो. ती रोज खाली पोतं अंथरते, रोज ते घाण पाणी पुसते. बघताना मला वाटलं, त्या नळीला काही फार मोठी दुरुस्ती नको होती. तिचं बोलणं ज्याच्या कानावर पडत होतं त्याच्या हाताला ते पाणी लागत नव्हतं, एवढंच. आपल्या या सगळ्या भांडणात मला हेच दिसतं. चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर जाते? तुमच्या चुकीने तुमचे पैसे जातात, मान्य. यांच्या चुकीने यांचं बजेट वाढतं, तेही मान्य. पण ती चूक रोज सकाळी माझ्या हाताखाली येते. म्हणून मला शेवटचा शब्द हवा आहे असंही नाही. आधीचा शब्द हवा आहे. दगड कापायच्या आधीचा.

तो : आणि माझ्याकडून एक. इमारत बांधणाऱ्या बिल्डरवर रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षं दोषांची जबाबदारी आहे. तुमच्यावर तशी कुठली मुदत नाही. तुम्ही फोनवर म्हणता, ‘बिनधास्त राहा, मी आहे ना.’ तुम्ही असालच. पण मला ते कागदावर हवं. दहा टक्के रक्कम सहा महिने मागे ठेवू, एक पावसाळा जाऊ दे, मग देऊ. ड्राय बाल्कनीत ४८ तास पाणी भरून बघू, खालच्या घरी जाऊन छत बघू, मगच फरशी.

ठेकेदार : दहा टक्के चालेल, पण मग माझीही अट. पक्क्या बिलावर काम घ्या, जीएसटीसकट. अर्धं रोख, अर्धं कागदावर असं नको. कागदच नसेल तर उद्या ग्राहक आयोगात तुम्हीही काही दाखवू शकणार नाही आणि मीही. दुसरी अट, एक वही इथे भिंतीला लटकवतो. जो बदल असेल तो वहीत, त्याखाली तारीख, आणि सह्या दोघांच्या. वहिनींची सही नसेल तर मिस्त्री दगडाला हात लावणार नाही. मघाशी तुम्ही ‘वहिनी’वरून बोललात ना? नाव काय घ्यायचं ते मला अजून सुचत नाही. सही चालेल?

ती : चालेल. पण आता ड्राय बाल्कनीचं ठरवा. यांना ती आत घ्यायची आहे, म्हणजे स्वयंपाकघर साडेतीन फुटांनी मोठं होईल. मला ती तशीच हवी आहे. मावशी तिथे बसून भांडी घासतात. खाली नळ आहे, नाहणी ट्रॅप आहे, फरशीला ढाळ आहे, पाणी सांडलं तरी जातं. ती जागा गेली तर त्यांना सिंकपाशी उभं राहून घासावं लागेल. सिंक ३४ वर. त्या माझ्यापेक्षा बुटक्या आहेत. तीस भांडी उभ्याने, हात वर धरून. आणि डिशवॉशर आलं तर त्यांचं काम अर्धं होईल, पगारही अर्धा होईल. त्यांच्यासाठी बाल्कनी राहायलाच हवी. त्यांना बसूनच सोयीचं पडतं.

ठेकेदार : त्यांनी सांगितलं तसं?

ती : नाही, पण बारा वर्षं बघतेय ना मी.

ठेकेदार : वहिनी, रागावू नका. तासाभरापूर्वी तुम्ही म्हणालात, डिशवॉशर मोजलंत, मला नाही मोजलंत. तुमच्या आईचे गुडघे बसून गेले असंही म्हणालात. मग मावशींच्या गुडघ्यांचं काय? माझी आई चार घरची भांडी करायची. ती बसायची, कारण मोरी खाली होती. तिला बसायला आवडतं असं त्या चारही घरांत सगळ्यांना वाटायचं. शेवटी तिला उठताना भिंत धरावी लागायची. मी असं म्हणत नाही की बाल्कनी तोडा. तुम्हाला जे माझ्याकडून हवं होतं, ते मावशींना तुमच्याकडून मिळालं का, एवढंच विचारतो.

तो : मीही त्यांच्याबद्दल बोललो, त्या उद्या नसतील असं धरून.

ती : नाही विचारलं. बारा वर्षांत एकदाही नाही. त्यांची उंची मी आत्ता अंदाजाने सांगितली. गुडघ्यांचं मला माहीत नाही. त्यांना यंत्र आलेलं हवंय की नको, तेही माहीत नाही. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूने बोलतेय.

तो : मग भिंत राहू दे तूर्त. अभियंत्याचं पत्र येईपर्यंत तिच्याबद्दल बोलायचंच नाही. आणि तुझे ३१, माझे ३८, त्याचं?

ती : शेगडीखाली ३१. तुमचं माप तीन महिन्यांनी घेऊ, वहीत एक पान कोरं सोडा. बाल्कनीचं आज ठरणार नाही.

ठेकेदार : वरचा दगड उद्या सकाळी कापायला जाणार होता. परवा पाठवतो. मावशी किती वाजता येतात?

ती : साडेनऊला. टेप इथेच ठेवून जा.